जेसीबी, पोकलेन, डंपर, ऊसतोडणी मशीन: रेडिएटर आणि कूलंटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा-सांगलीकडचे मशीनमालक, ऑपरेटर आणि हेल्पर वर्कशॉपात जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवायला रेडिएटरच्या पाण्यात मिसळतात तो द्रव. तुमच्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये वेगळं काही लिहिलं असेल तर मॅन्युअल खरं धरा.

गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर नेमकं काय होतं?

रेडिएटरचं झाकण म्हणजे नुसतं बूच नव्हे. त्यात स्प्रिंग असते आणि ती आतल्या पाण्यावर दाब धरून ठेवते. बऱ्याच झाकणांवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो हा दाब, बारमध्ये. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं. ०.९ बारच्या झाकणाखाली तेच साधं पाणी साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे आत १०५-११० अंशांचं पाणी गुपचूप बसलेलं असू शकतं. झाकण फिरवलं, दाब गेला, की ते जागच्या जागी उकळतं. पाण्याची वाफ झाली की तिला दीड हजार पटींहून जास्त जागा लागते आणि बाहेर पडायला वाट एकच, जिथे तुमचा हात आणि तोंड आहे तिथून. शिट्टी न काढता कुकरचं झाकण ओढण्याचाच हा प्रकार, फक्त कुकर वीस-पंचवीस लिटरचा.

भाजतं ते चेहरा, गळा, छाती आणि हाताची आतली बाजू. शर्ट भिजला की गरम कापड अंगाला चिकटतं आणि भाजणं चालूच राहतं. हे बहुतेकांना माहीत असतं, तरी झाकण उघडलं जातं. कारण घाई बाहेरून येते: मागे डंपरची रांग, फोनवर ठेकेदार, आणि पाणी टाकलं की मशीन पुन्हा चालेल ही खात्री.

मग किती वेळ थांबायचं? हात लावून कळतं का?

मोठ्या इंजिनाला अर्धा ते एक तास धरा. उन्हात उभ्या असलेल्या मशीनला त्याहून जास्त. नुसत्या तापमानाच्या काट्यावर जाऊ नका. पाणी संपलेलं असेल तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली आलेला दिसतो, आत मात्र वाफ कोंडलेली असते.

रेडिएटरच्या वरच्या होज पाईपजवळ आधी हाताची मागची बाजू न्या. चटका जाणवला नाही तरच पाईप दाबून बघा. दगडासारखा कडक लागला तर दाब अजून आहे. मऊ पडला असेल आणि हात आरामात ठेवता येत असेल तर पुढचं काम करायचं. हातमोजे, गॉगल, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. झाकणावर जाड सुती कापडाच्या दोन-तीन घड्या किंवा दुमडलेलं पोतं ठेवा, तोंड बाजूला घ्या, झाकणावर वाकू नका. पहिल्या खाचेपर्यंत फिरवा आणि तिथेच थांबा. फुस्स आवाज पूर्ण बंद होईपर्यंत दुसरी खाच नाही. नव्या मशीनला आट्यांचं झाकण असतं, ते पाव-पाव फेऱ्याने सैल करायचं.

आणि एक. पाण्याची पातळी बघायला रोज झाकण उघडायची गरजच नाही. रेडिएटरला जोडलेल्या पांढऱ्या जादा पाण्याच्या टाकीवर दोन रेघा असतात. सकाळी थंड इंजिनाला पाणी त्या दोन्हींच्या मध्ये दिसलं की झालं.

काम चालू असताना काटा लाल पट्ट्यात गेला. इंजिन लगेच बंद करायचं का?

याचं उत्तर दोन प्रकारचं आहे आणि घोळ इथेच होतो.

काटा वर चढलाय, पण पाणी जागेवर आहे, वाफ नाही, पंख्याचा पट्टा (फॅन बेल्ट) फिरतोय: अशा वेळी लोड काढा, बकेट जमिनीला टेकवा, एसी बंद करा आणि इंजिन तीन ते पाच मिनिटं स्लोवर चालू ठेवा. पंप पाणी फिरवत राहतो, पंखा हवा ओढत राहतो, टर्बोलाही तेल मिळत राहतं. चालू लोडवरून एकदम बंद केलं तर पाणी जागच्या जागी थांबतं आणि हेडभोवतीची, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाभोवतीची, उष्णता आणखी वाढते. काटा उतरतच नसेल तर मात्र बंद करा.

वाफ बाहेर येतेय, पाइप फुटलाय, पाणी कमी असल्याचा दिवा लागलाय किंवा फॅन बेल्ट तुटलाय: तिथल्या तिथे बंद. आत फिरवायला काही उरलंच नसेल तर चालू ठेवून हेड वाकडं होण्यापलीकडे काही हाती लागत नाही.

बॉनेट लगेच उचलू नका, वाफ निवळू द्या. आणि ऊसतोडणी मशीन असेल तर ते पाचटाच्या ढिगावर उभं करू नका. कूलंटमधलं पाणी उडून गेलं की मागे उरलेलं ग्लायकॉल तापलेल्या एक्झॉस्टवर पेट घेऊ शकतं, खाली पाचट असेल तर मग बोलायलाच नको.

तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर?

ब्लॉक किंवा हेडला तडा. तापलेलं लोखंड एका जागी अचानक आकसतं, बाकी ठिकाणी नाही. इंजिनावर बाहेरून बादलीने पाणी मारणंही तसलंच काम. इंजिन थंड झाल्यावर, हळूहळू भरा.

आपल्याकडे बर्फ पडत नाही. मग अँटिफ्रीझ, म्हणजे कूलंट, कशाला? साधं पाणी का नाही चालत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो रास्त आहे. जत-आटपाडीला पाणी गोठण्याची भीती कुणाला? पण कूलंटचं ते एक काम झालं. दुसरं काम उकळबिंदू वर नेण्याचं. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावर १०७-१०८ अंशांना उकळतं, झाकणाच्या दाबाखाली आणखी वर. एप्रिल-मे महिन्यात पूर्वेकडच्या तालुक्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हेच आठ अंश कामाला येतात.

तिसरं काम आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचं, गंज आणि लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) यांपासून बचाव. बऱ्याच मोठ्या डिझेल इंजिनांत वेट लायनर असतात, म्हणजे लायनरच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी लागतं. पिस्टनच्या दणक्याने लायनर सूक्ष्म थरथरतो, पाण्यात बारीक बुडबुडे होतात आणि ते लायनरवर फुटतात. एकेका बुडबुड्याचं काही नाही, पण हजारो तास हेच चाललं की लायनर सुईने टोचल्यासारखा खड्ड्याखड्ड्यांचा होतो आणि एक दिवस पाणी ऑइलमध्ये उतरतं. कूलंटमधली रसायनं लायनरवर पातळ थर धरतात आणि हे थांबवतात. साध्या पाण्याला ते जमत नाही. उतरवलेला लायनर हातात घेऊन बाहेरच्या बाजूवरून नख फिरवलं तर खड्डे नखाला अडकतात. ज्या मालकाला पटत नाही त्याला आम्ही तेवढं करायला सांगतो, पुढे बोलावं लागत नाही.

आता पाण्याचं. बोअरचं पाणी क्षाराचं. चहाच्या पातेल्याला आतून जे पांढरं धरतं तेच रेडिएटरच्या नळ्यांत आणि ब्लॉकच्या वाटांत धरतं. त्या खपलीतून उष्णता बाहेर पडत नाही. बाहेरून रेडिएटर चकचकीत, आतून नळ्या निम्म्या बुजलेल्या, आणि ऑपरेटर म्हणतो पंखा बदला. म्हणून कूलंटमध्ये मिसळायला डिस्टिल्ड किंवा डीएम पाणी, म्हणजे बॅटरीत टाकतो ते. पाच-दहा लिटरचे कॅन सगळीकडे मिळतात. विहीर, कॅनॉल, टँकर यांचं पाणी अडल्या वेळी, मशीन साइटवरून बाहेर काढण्यापुरतं.

मग नुसतं कॉन्सन्ट्रेट भरलं तर जास्त चांगलं ना?

नाही. ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. निम्मं-निम्मं हे बहुतेकांचं प्रमाण. कॅनवर ‘रेडी टू यूज’ लिहिलं असेल तर त्यात पाणी घालू नका, ते आधीच मिसळलेलं असतं.

हिरवं होतं, दुकानात लाल मिळालं. मिसळू का?

रंगावर विश्वास ठेवू नका. रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते, त्याला काही ठरलेला नियम नाही. दोन हिरवी कूलंटही आतून वेगळ्या जातीची असू शकतात. न जुळणारी मिसळली तर गंजरोधक रसायनं निकामी होतात, कधी जेलीसारखा गाळ बसतो. कॅनवर स्पेसिफिकेशन छापलेलं असतं, ते मॅन्युअलशी जुळवा. जुळणारं मिळालं नाही तर तेवढ्यापुरतं डिस्टिल्ड पाणी टाका आणि नंतर प्रमाण तपासून घ्या.

रेडिएटर गळतोय. हळद टाकली की बंद होतं म्हणतात. खरं का?

सांगलीत हा प्रश्न आला नाही तरच नवल. हळद फुगते, भोकात बसते आणि बारीक गळती काही वेळ थांबते, हे खोटं नाही. पण हळदीला भोक कुठलं आणि नळी कुठली हे कळत नाही. ती रेडिएटरच्या चपट्या नळ्यांत बसते, ऑइल कूलरच्या बारीक वाटांत बसते, थर्मोस्टॅटच्या, म्हणजे पाण्याची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या वॉलच्या, बैठकीत बसते. आठ दिवसांनी मशीन गळत नाही, पण तापतं. मग रेडिएटर खोलला की आत पिवळा लगदा. बाजारातल्या लीक बंद करायच्या पावडरींचंही थोड्याफार फरकाने तसंच.

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते रेडिएटरसाठी नव्हे. गळती होजची असेल तर होज आणि क्लिप बदला, नळीची असेल तर रेडिएटर उतरवून प्रेशर टेस्ट करून घ्या.

मिस्त्री म्हणतो थर्मोस्टॅट वॉल काढून टाक, मशीन थंड चालेल. काढू का?

काढू नका. हा सल्ला आपल्या भागात इतका मुरलाय की सेकंडहँड मशीन खोललं आणि थर्मोस्टॅट जागेवर सापडला तर आश्चर्य वाटतं.

थर्मोस्टॅटचं काम पाणी अडवणं एवढंच नाही. इंजिन थंड असताना तो पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणून इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. बऱ्याच इंजिनांत तो पूर्ण उघडला की बायपासची वाट बंद करतो. तो काढला तर बायपास उघडाच राहतो, बरंच पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात शिरतं आणि लोडवर मशीन उलट जास्त तापतं. तापलं नाही तरी नुकसान आहेच: थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, सिलिंडर लवकर झिजतात, ऑइलमध्ये ओल आणि काजळी साठते, डिझेल जास्त लागतं. हे सावकाश होतं म्हणून कुणी थर्मोस्टॅटला बोल लावत नाही.

शंका असेल तर तपासायला सोपा आहे. उतरवलेला थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पाण्याच्या पातेल्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर. त्यावर आकडा असतो, समजा ८२. पाणी तेवढं तापलं की तोंड उघडायला लागलं पाहिजे आणि आणखी दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडलं पाहिजे. नाही उघडलं तर नवा घाला. त्याची किंमत हेडच्या कामापुढे काहीच नाही.

रेडिएटर बाहेरून कसा साफ करायचा? प्रेशरने धुतला तर चालतो का?

चालतो, पण बहुतेक रेडिएटर धुतानाच खराब होतात. आपल्याकडे कचराही तीन तऱ्हांचा. खडी क्रशरवर काळ्या दगडाची पिठासारखी धूळ. तालीच्या आणि मुरुमाच्या कामावर लाल माती. हंगामात ऊसतोडणी मशीनवर पाचटाचा भुसा, तो जाळीवर गोधडीसारखा थर धरतो आणि दिवसातून अनेकदा झाडावा लागतो.

आधी इंजिन बंद, चावी खिशात, इंजिन थंड. काही मशीनचा पंखा इलेक्ट्रिक किंवा हायड्रॉलिक असतो आणि इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही फिरू शकतो, म्हणून बॅटरीचा कटऑफ स्विचही बंद करा.

कचरा ज्या बाजूने आत ओढला जातो त्याच बाजूने हवा मारली तर तो आणखी आत ठोसला जातो. हवा उलट बाजूने मारायची. हवेचा दाब साधारण ३० पीएसआयच्या आत, पाण्याचा ४० च्या आत, नोझल लांब आणि रेडिएटरच्या बारीक पत्र्यांना काटकोनात. तिरकं मारलं की पातळ पत्रे झोपतात आणि तिथून हवा जातच नाही. सर्व्हिसिंग सेंटरवरचा कार धुवायचा पंप यापेक्षा कितीतरी जोरात मारतो. तोंडाला मास्क आणि डोळ्यांना गॉगल हवाच, दगडाची धूळ फुप्फुसात बसते. हवेची नळी अंगावरचे कपडे झटकायला वापरू नका.

पत्र्यांवर ऑइलचा चिकट थर असेल तर नुसत्या हवेने धूळ निघत नाही. आधी ते ऑइल कुठून येतंय ते शोधा, मग डीग्रीझर लावून धुवा. बऱ्याच मशीनमध्ये एसीचा कंडेन्सर, इंटरकूलर, हायड्रॉलिक ऑइल कूलर आणि रेडिएटर एकामागे एक असतात. पुढचा चकचकीत दिसतो आणि मधल्या फटीत बोटभर भुसा असतो. धुऊन झाल्यावर मागे दिवा धरा आणि पुढून बघा: प्रकाश जिथे दिसत नाही तिथे हवाही जात नाही.

पट्टा चालू इंजिनावर तपासला तर काय बिघडतं?

बोटं जातात. गळ्यातला गमछा, सैल बाही, मनगटावरचा दोरा, कडं यातलं काहीही पट्ट्यात अडकलं की पंखा हात ओढून घेतो, सोडवायला वेळच नसतो. पंख्याची जाळी काढून मशीन चालवू नका, मिस्त्रीने काढली असेल तर लावून घ्या. बोटाने दाबून ताण बघणं हे थंड, बंद इंजिनाचं काम. चावी ज्याचा हात आत आहे त्याच्या खिशात असली पाहिजे, केबिनमध्ये नाही. साइटवर दुसरा ऑपरेटर येतो, त्याला खाली माणूस आहे हे दिसत नाही आणि तो स्टार्टर मारतो. स्टिअरिंगला एक पाटी अडकवा, ‘काम चालू आहे, चालू करू नका’.

जेसीबीचा पुढचा लोडर वर ठेवून बॉनेट उघडतो आम्ही. त्यात काय?

हायड्रॉलिकच्या भरवशावर वर उभ्या लोडर आर्मखाली जाऊ नका. होज फुटला किंवा कुणाचा लिव्हरला धक्का लागला की आर्म खाली येतो. मशीनसोबत सेफ्टी स्ट्रट दिलेला असतो, तो सिलिंडरच्या रॉडवर बसवून पिन लावायची. साइटवर तो हरवलेला असणं हीच नेहमीची गोष्ट. पोकलेनचं इंजिन मागे उंचावर असतं, तिथून पाय घसरून पडणारे भाजणाऱ्यांपेक्षा कमी नसावेत असा आमचा अंदाज. तेलकट पत्र्यावर चपलेने चढू नका.

रोज लिटरभर पाणी लागतं, पण खाली थेंबही दिसत नाही.

तर ते जळतंय किंवा आत मुरतंय. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसतं का? सकाळी चालू केल्यावर पांढरा धूर बराच वेळ राहतो का, त्याला गोडसर वास आहे का? टाकीत बुडबुडे येतात का? यातलं काही असेल तर हेड गॅस्केट, लायनर किंवा ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग) यांच्याकडे बघावं लागेल. कूलंटवर तेलाचा तवंग आला तर ऑइल कूलर. पाणी टाकून दिवस ढकलू नका. ऑइलमध्ये पाणी गेलेलं इंजिन बेअरिंगसकट जातं.

एक साधी शक्यता आधी तपासा, ती म्हणजे झाकण. त्याचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग मेली की पाणी वाफेने निघून जातं आणि खाली डाग पडत नाही. झाकणाच्या मधोमध एक चिमुकला वॉल असतो, तो इंजिन थंड होताना टाकीतलं पाणी परत ओढतो. तो अडकला की सकाळी वरचा होज पिचकलेला दिसतो. असा होज दिसला तर होजला नावं ठेवण्याआधी झाकण बदला.

वॉटर पंपाखालच्या भोकातून थेंब येतो. एम-सील लावून बंद केला, चालेल ना?

ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगकडे न जाता तिथून बाहेर पडावं म्हणून. बुजवलं की पाणी बेअरिंगमध्ये, आणि बेअरिंग बसलं की पंखा थेट रेडिएटरमध्ये. पंप बदला.

महाबळेश्वर-पाचगणीकडे काम घेतलं की तेच मशीन तापतं. का?

महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटरवर आहे. तिथे उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं आणि हवा विरळ असल्याने पंख्याचंही काम थोडं कमी होतं. झाकण धड असेल तर अडत नाही. झाकण मेलेलं असेल तर खाली वाईत लपलेला दोष वर जाऊन उघडा पडतो. खांबाटकीसारखा घाट लोडवर चढताना तर खालचा गिअर घ्या आणि आरपीएम टिकवा. वरच्या गिअरमध्ये रेटत नेलं की पंप आणि पंखा दोन्ही हळू फिरतात.

कूलंट किती दिवसांनी बदलायचं? जुन्याचं काय करायचं?

जुन्या पद्धतीचं हिरवं बहुधा दोन वर्षांत, लाँग लाइफ त्याहून बरंच जास्त. नेमके तास मॅन्युअलमध्ये. प्रमाण बघायला रिफ्रॅक्टोमीटर आणि रसायनं बघायला टेस्ट स्ट्रिप मिळते, दोन्ही महाग नाहीत.

जुनं कूलंट ओढ्यात, विहिरीकाठी किंवा येरळेच्या पात्रात सोडू नका. इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं. कुत्रं पितं, वासरू पितं, आणि दोघंही मरू शकतात. काढताना खाली पसरट टब ठेवा आणि तो उघडा सोडून जेवायला जाऊ नका. झाकणाच्या ड्रममध्ये साठवून अधिकृत घातक कचरा घेणाऱ्याकडेच द्या. आणि कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कूलंट कधीही भरू नका. हिरवं-गुलाबी गोड पाणी पोरांना सरबतच वाटतं.

कुणाच्या पोटात गेलंच तर ओकारी काढायला लावू नका. सुरुवातीला माणूस नुसता प्यायल्यासारखा वाटतो, मूत्रपिंडांवर परिणाम नंतर दिसतो, त्यामुळे ‘बरा आहे’ म्हणून घरी ठेवू नका. १०८ ला फोन करा आणि कूलंटचा कॅन सोबत दवाखान्यात न्या.

वाफेने भाजलं तर पहिल्यांदा काय?

गार वाहतं पाणी, २० मिनिटं. घड्याळ लावून. साइटवर नळ नसेल तर कॅनमधून धार धरा. अंगठी, घड्याळ, कडं सूज यायच्या आत काढा. भिजलेला शर्ट काढा, कातडीला चिकटला असेल तर तेवढा भाग तसाच राहू द्या. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, आणि इथेही हळद नको. फोड फोडू नका. स्वच्छ कापडाने सैलसर झाका आणि दवाखाना. चेहरा, डोळे, हात भाजले असतील किंवा फोड तळहातापेक्षा मोठे असतील तर थेट १०८. डोळ्यात गेलं असेल तर पापण्या उघड्या धरून पाण्याने धूत राहा.

हंगाम संपला की मशीन चार-पाच महिने उभं. पाणी काढून ठेवू का?

नको. रिकाम्या ब्लॉकमध्ये हवा आणि ओल दोन्ही मिळून जास्त गंज धरतो. योग्य प्रमाणातलं कूलंट पूर्ण भरून ठेवा. रेडिएटर आणि जाळीतला भुसा उभं करण्याआधीच काढा, पावसाळ्यात तो ओला होऊन पत्रे खातो. उंदीर होज आणि वायरी कुरतडतात, म्हणून दिवाळीच्या आधी बॉनेट उघडून प्रत्येक होज हाताने चाचपून बघा, विशेषतः क्लिपच्या कडेला, जिथे फुगवटा आधी येतो. मग नवं झाकण बसवूनच गाळपाला निघा.